एक जूनचा जन्म

अण्णांनी कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कागद पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला.

"शुद्धलेखनाच्या चुका कमी आहेत," ते म्हणाले. "वकील कुठला?"

"सोलापूरचाच," मी म्हणालो.

"बरा लिहितो."

कांचन त्यांच्या समोर जमिनीवर बसली होती. बसमधून उतरल्यापासून तिने पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला लावला नव्हता.

"अण्णा, सही कराल ना?"

"नाही," अण्णा म्हणाले आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्याकडे दिला. लेकीला नकार दिला तरी कागद परत करायचा तो जावयाच्या हातात, एवढी रीत त्यांनी त्याही वेळी पाळली.

कागदावर फार काही नव्हतं. मी यशवंत बाबुराव देठे, बोरवाडीच्या प्राथमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, शपथेवर लिहून देतो की माझी मुलगी कांचन हिची जन्मतारीख शाळेत एक जून अशी मी स्वतः नोंदवली. ती खरी नाही. तिचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाला. खाली सहीसाठी जागा.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्या वेळी कांचन सोलापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होती, अजूनही आहे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आम्हाला मूलबाळ नाही. तिने ज्यांना शीर शोधून सलाइन लावायला शिकवलं त्या दोघी मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथून फोन करू लागल्या. एका नर्सकडे चार-पाच पेशंट असतात, ताई, असं त्यांनी सांगितलं. कांचनच्या वॉर्डात एकेका वेळी चाळीस असत. असा एक फोन आला त्या रात्री ती मला म्हणाली, "अहो, पेशंटची नावं पाठ असताना नोकरी कशी लागते, ते मला एकदा बघायचंय." यापलीकडे तिने तिकडे जाण्याचं कारण मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

ऑस्ट्रेलियाला नर्स हव्या होत्या, पण वाटेल ती नको होती. ते पॉइंट मोजतात. शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके, इंग्रजीचे इतके, वयाचे इतके. बेरीज पासष्ट लागत होती आणि कांचनची नेमकी पासष्ट भरत होती. त्यातले पंचवीस वयाचे. चाळीस पूर्ण झाली की त्या पंचविसांचे पंधरा होतात. शिवाय अर्ज केला त्या दिवशीचं वय धरत नाहीत. तिकडून बोलावणं येतं त्या दिवशीचं धरतात. तिच्या शिक्षणाची तपासणी तिकडे रेंगाळली होती आणि मे संपायच्या आत बोलावणं येण्याची आशा नव्हती. एक जूनला कांचन चाळीस वर्षांची होणार होती. कागदावर. खरी ती अडतीस वर्षांची होती.

आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा पूर्ण पाहिजेत, आणि आईला जन्म आठवायचा तो पोळ्यावरून नाहीतर दुष्काळावरून. मग गुरुजी पोराला डोक्यावरून उजव्या हाताने डावा कान धरायला लावत आणि हात पोचला की लिहीत : एक जून. बोरवाडीत एका पिढीचे सगळे वाढदिवस एकाच दिवशी येतात. त्यातले बहुतेक अण्णांनी नोंदवलेले.

"अण्णा, खोटं लिहायला सांगत नाहीये मी," कांचन म्हणाली. "खरं आहे तेच लिहायचंय."

"खरं आहे. पण ते मी तेव्हा लिहायला पाहिजे होतं."

"मग आता काय बिघडलं?"

 अण्णांनी ओट्याकडे पाहिलं. ओट्याची पायरी चढून गहिनीनाथ येत होता.

गहिनीनाथ शेळके अण्णांचा जुना विद्यार्थी. एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी अण्णांच्या ओट्यावर पेपर वाचायला यायचा आणि बातम्या थांब्यांची नावं पुकारावीत तशा मोठ्याने वाचून दाखवायचा.

"आली व्हय कांचनताई? मग, कधी बसायचं इमानात?"

"अण्णा सही देत नाहीत, काका."

"कसली सही?"

कांचनने सांगितलं. गहिनीनाथने चप्पल काढली, पेपर उचलला आणि भिंतीला टेकून बसला. मग हसला.

"हे बेस झालं बघा, गुरुजी. मला न्हाई म्हणला व्हता, तवा वाटलं माझ्यावरच राग हाय. पोरीलाबी न्हाईच म्हणताय म्हंजे माणूस सरळ हाय."

गहिनीनाथही एक जूनचाच. कागदावर दोन वर्षांनी मोठा. नोकरी संपत आली तेव्हा तो असाच एक कागद घेऊन अण्णांकडे आला होता. आणखी दोन वर्षं नोकरी राहिली असती तर धाकट्या मुलीला शिकवता आलं असतं, असं त्याचं म्हणणं होतं. अण्णा म्हणाले होते, आज तुझी तारीख खोटी ठरवली तर उद्या सगळ्या गावाची ठरेल, मग शाळेच्या दाखल्याला कोण विचारील? गहिनीनाथ दोन वर्षं आधी घरी बसला. मुलीचं लग्न करून टाकलं. मग महिनाभराने तो पेपर वाचायला येऊ लागला, तो रोजच.

"स्वतःच्या पोरीलाबी न्हाई सोडलं ह्यांनी," तो मला म्हणाला. "पट भरंना म्हणून वरीसभर आधी साळंत घातली. ठावं हाय का जावईबापू?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. सगळ्या गावाला ठाऊक होतं. कांचन स्वतःच ते हसत सांगायची.

"गहिनी, पेपर वाच," अण्णा म्हणाले.

"वाचतो की. पन येक सांगतो, गुरुजी." तो आता हसत नव्हता. "लेकीला व्हय म्हणला असता, तर मी ह्या ओट्यावर पुन्यांदा पाय ठेवला नसता."

जेवण करून आम्ही दुपारच्या गाडीने परत फिरलो. कांचन खिडकीशी बसली. मोहोळ येईपर्यंत ती बोटांवर पॉइंट मोजत होती. मग म्हणाली, "इंग्रजीचे दहा वाढले तर वयाचे दहा गेलेले चालतील."

तिला इंग्रजीचे दहा पॉइंट मिळत होते ते परीक्षेत चारही भागांत सात मिळाल्यामुळे. आठ मिळाले असते तर वीस होणार होते. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं. चारही भागांत आठ हवे. तीन भागांत नऊ आणि एकात साडेसात, असलं चालत नाही. मे महिन्यात पुण्याला परीक्षेची तारीख मिळत होती. तिने फोनवरच पैसे भरले.

पुढचे दिवस घरात इंग्रजीच होतं. मी दुकानात तारेची वेटोळी गुंडाळत असायचो आणि ती ड्यूटीवरून परस्पर तिथे यायची. समोर स्टुलावर बसायची. मी हातात मोबाइल धरून मिनिटं मोजायचो आणि इंग्रजीच्या क्लासच्या मॅडमनी दिलेल्या कार्डावरचा विषय तिला दाखवायचो.

"एखाद्या नदीचं वर्णन करा," मी एकदा कार्डावरचं वाचून मराठीत सांगितलं.

"कुठली नदी सांगू? सीनेला पाणी कुठाय?"

"नसलं तरी सांग. त्यांना काय ठाऊक?"

ती बोलायची. मला चौथा हिस्सा कळायचा, पण ती अडखळत नव्हती एवढं कळायचं. मोटारवाले गिऱ्हाईक थांबून ऐकत राहायचे. एकाने मला हळूच विचारलं, "वहिनींना काय झालंय?"

बोलण्यात आठ येतील, ऐकण्या-वाचण्यात त्याहून जास्त येतील, असं मॅडमचं म्हणणं होतं. घोडं अडत होतं लिहिण्यात. कांचनचं इंग्रजी चुकत नव्हतं. ते संपायचं लवकर. नर्सला ड्यूटी संपताना पुढच्या नर्ससाठी पेशंटची हकिकत लिहून ठेवावी लागते : ताप किती, काय दिलं, कितीला दिलं, लघवी झाली की नाही. एका पेशंटला तीन-चार ओळी. वीस वर्षं तिचा हात त्यालाच वळलेला. इथे अडीचशे शब्दांचा निबंध हवा असायचा. शहरात राहावं की खेड्यात, यावर दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत सांगा. कांचन दोन्ही बाजू पाच ओळींत मांडून मोकळी व्हायची.

"फुलवा जरा," मॅडम म्हणायच्या.

"काय फुलवू, मॅडम? पेशंट गेला तरी मी दोन ओळींत लिहिते," ती म्हणाली. घरी येऊन हे सांगताना हसली, मग वही उघडून परत तोच निबंध लिहायला बसली.

पुण्याला मी बरोबर गेलो होतो. परीक्षेच्या इमारतीसमोर रसवंती होती, तिथे दुपारपर्यंत बसलो. आतून येणाऱ्या पोरांमध्ये तिच्याएवढ्या वयाचं कोणी नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाईचा डाग होता.

"लिहिलं?" मी विचारलं.

"पानं भरली," ती म्हणाली. "एवढं लांबण मी जन्मात लावलं नव्हतं."

निकाल मेच्या अखेरीस आला. तिने वॉर्डातूनच मोबाइलवर पाहिला आणि मला फोन केला. ऐकणं साडेआठ, वाचणं साडेआठ, बोलणं आठ.

"आणि लिहिणं?"

"साडेसात."

मागे कोणाच्या तरी बेडवरून तिला हाका चालल्या होत्या. "आले, आले," ती त्या पेशंटला म्हणाली आणि फोन ठेवला.

निकाल तिने अण्णांना फोनवर सांगितला. त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी मी दुकान उघडायला निघालो तर दारात अण्णा. हातात कापडी पिशवी, डोक्याला टोपी, पायात तेच जाड टाचांचे जोडे. पहिल्या गाडीने आले होते. ते न सांगता कधी येत नसत. यायचं असलं की आधी पत्र, पुढे पुढे आधी फोन. कांचन रात्रपाळी करून नुकतीच आली होती, अंगावर अजून पांढरे कपडे होते.

"कुठं करायची सही?" अण्णा म्हणाले. दारातच उभे राहून म्हणाले.

"अण्णा, आत तर या."

"कोर्टापाशी ना? चला. परतीची गाडी दुपारी आहे."

मी त्यांची पिशवी घेतली. ते आत येऊन खुर्चीत बसले. कांचनने पाणी दिलं, ते त्यांनी सगळं संपवलं.

"गहिनीनाथकाकांना काय सांगणार?" तिने विचारलं.

"सांगून आलोय."

"काय?"

"काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, गहिनी, तुला नाही दिलं ते लेकीला देतोय. आधी तुझ्या कानावर घालतो." अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चहा केला त्याने. स्वतः केला. सूनबाईला उठू दिलं नाही. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, गुरुजी, द्या. पन माझी दोन वर्सं कुठं ठिवली तेवढं सांगा."

"मग?"

"मी काय सांगणार?"

"आता पेपर वाचायला येतील ना काका?"

"पेपर शाळेतही येतो," अण्णा म्हणाले. "तिथं जाईल वाचायला."

कांचन आतल्या खोलीत गेली. ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरून देणाऱ्या पुण्याच्या आमच्या एजंटाचं नाव बेहेरे होतं. तिने त्यांना फोन लावला. अण्णांनी नकार दिल्यामुळे असा कागद चालेल का, हे बेहेऱ्यांना विचारायची वेळच आली नव्हती. मी तिच्या मागोमाग आत गेलो आणि दार लोटून घेतलं. तिने आवाज कमी करून फोन दोघांच्या मध्ये धरला.

"मॅडम, हे चुकूनसुद्धा करू नका," बेहेरे म्हणाले. "तुमचा पासपोर्ट एक जूनचा. डिग्री एक जूनची. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन एक जूनचं. परीक्षा तुम्ही एक जूनच्या नावावर दिलीत. अर्जात तुम्ही स्वतः सही करून तीच तारीख खरी म्हणून लिहून दिलीत. आता वडिलांचा कागद जोडला की तारखा दोन झाल्या. दोन तारखा म्हणजे त्यांच्या भाषेत खोटी माहिती. मग अर्ज तर बाद होईलच, पुढची काही वर्षं दारसुद्धा बंद."

"पण खरी तारीख तीच आहे."

"असेल. पण ते खरी-खोटी बघत नाहीत, एक आहे की दोन ते बघतात." मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडच्या निम्म्या फायली एक जूनच्या आहेत. तिकडच्या साहेबाला वाटत असेल, महाराष्ट्रातल्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात."

कांचनने त्यांचे आभार मानले. फोन बंद केला, तोंडावर पाणी मारलं, कपडे बदलले. मी म्हणालो, "मी सांगू का अण्णांना?"

"नको."

"अगं, मग कोर्टात कशाला जायचं?"

"ते आलेत म्हणून," ती म्हणाली आणि दार उघडलं.

कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टायपिस्ट ओळीने बसतात. आमच्या वकिलाने एकाचं नाव दिलं होतं. चाळिशीचा माणूस होता, संगणक लाकडी टेबलावर आणि टेबलावर छत्री बांधलेली. त्याने जुना मजकूर वाचला आणि मान हलवली.

"यात कारण नाही. चुकीची तारीख का लिहिली, ते पाहिजे. नोटरीसाहेब विचारतात. काय लिहू, बाबा?"

अण्णा स्टुलावर बसले होते. कांचन त्यांच्या मागे उभी होती. मी सांगणार होतो, पट भरायला, म्हणून. तेवढ्यात अण्णा बोलू लागले. ते टायपिस्टकडे पाहून बोलत होते, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाकडे पाहून बोलावं तसे.

"हिची आई त्या वर्षी मिरजेला दवाखान्यात होती. छातीचा आजार. घरी दुसरं कोणी नव्हतं. ही साडेचार वर्षांची. मी हिला शाळेत न्यायचो आणि व्हरांड्यात बसवायचो. दार उघडं ठेवायचो, फळ्यापाशी उभं राहिलं की दिसेल अशी. उन्हाळ्यात ऊन आत यायचं, मग ही सरकत सरकत दारापर्यंत यायची. तपासणीला साहेब आले. म्हणाले, गुरुजी, हे मूल कोणाचं? म्हटलं, माझं. म्हणाले, पटावर नसलेलं मूल आवारात चालणार नाही, उद्या साप-किरडू निघालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, पटावर आहे. साहेबांनी काही बघायला मागितलं नाही. चांगला माणूस होता. ते गेल्यावर मी लिहिलं. वय बसेना, म्हणून वर्ष आधीचं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ही आत बसली."

टायपिस्टची बोटं कळांवर थांबली होती.

"बाबा, एवढं मोठं नाही लागत," तो म्हणाला. "'कौटुंबिक अडचणीमुळे' लिहू का?"

"लिहा," अण्णा म्हणाले.

त्याने लिहिलं. कांचन म्हणाली, "तुम्ही पट भरायला घातलंत, असं सगळे म्हणतात."

"म्हणू दिलं."

"का?"

"त्या आजाराचं नाव घेत नसत तेव्हा. तुझ्या आईला गावात परत यायचं होतं." अण्णांनी मान वळवली नाही. "आली नाही, ते वेगळं."

कांचन सहा वर्षांची असताना तिची आई गेली, एवढंच मला माहीत होतं. कशाने, ते कांचनलाही त्या दिवशीच कळलं. तिने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, रडली नाही. टायपिस्टने कागद काढून दिला तेव्हा तिने तो वाचला आणि म्हणाली, "आडनाव देठे आहे, दाते नाही." त्याने दुरुस्त करून दिलं.

अण्णांनी नोटरीपुढे सही केली. पूर्ण नाव लिहिलं, मात्रासुद्धा चुकवली नाही. मग स्टँडवर आलो. गाडी लागलेली होती. खिडकीत बसल्यावर त्यांनी खाली उभ्या कांचनला विचारलं, "हा कागद पोचेल ना तिथपर्यंत?"

"पोचेल, अण्णा."

"रजिस्टरने पाठव. साध्या टपालाने नको."

"बरं."

गाडी गेली. कांचन माझ्यामागून स्टँडबाहेर आली. मग म्हणाली, "गहिनीनाथकाकांना कोण सांगणार, की कागद फुकट गेला? सांगितलं तर अण्णांना कळणार, मग त्यांचे दोन्ही गेले. कागदही आणि काकाही."  मी रिक्षा केली आणि तिला घरी सोडलं. ती चार तास झोपली आणि परत ड्यूटीवर गेली.

एक जूनला वयाचे दहा पॉइंट गेले. तिने इंग्रजीची परीक्षा आणखी दोनदा दिली. एकदा लिहिण्यात पुन्हा साडेसात आले. एकदा लिहिण्यात आठ आले आणि बोलण्यात साडेसात. मग तिने परीक्षेचं नाव काढलं नाही.

अण्णांचा फोन दर रविवारी यायचा. "बोलावणं आलं का?" ते विचारायचे.

"अजून रांगेत आहे, अण्णा."

"असू दे. सरकारी काम आहे. घाई करू नको म्हणावं त्यांना."

मी एकदा तिला म्हणालो, किती दिवस असं चालवणार? ती म्हणाली, "तुम्ही सांगा मग." मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी आषाढात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. आम्ही त्यांना सोलापूरला आणलं. कांचनने त्यांना आपल्याच रुग्णालयात, पण दुसऱ्या मजल्यावर ठेवलं; स्वतःच्या वॉर्डात ठेवायला नियम आड येत होता. तिने रजा टाकली. डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. मधेमधे मात्र त्यांचं मन भलतीकडे जायचं. एकदा मी डबा घेऊन आलो तेव्हा ते शेजारच्या बेडवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "ही माझी मुलगी. ऑस्ट्रेलियाहून आलीय."

म्हाताऱ्याने कांचनकडे पाहिलं. तिच्या अंगावर घरचीच सुती साडी होती आणि हातात बेडपॅन.

"किती दिवसांची सुट्टी?" अण्णांनी तिला विचारलं.

कांचनने बेडपॅन खाली ठेवला. हात धुतले. मग त्यांच्या उशाशी आली.

"महिन्याची आहे, अण्णा."

"देतात का एवढी?"

"देतात. तिकडं देतात."

"थंडी असेल आता तिकडे. भूगोलात आहे. आपल्याकडे पावसाळा, तिकडे हिवाळा."

"हो. खूप थंडी आहे."

"पेशंट किती असतात तुझ्याकडे?"

"चार," ती म्हणाली. "कधी पाच."

"नावं पाठ असतील."

"असतात."

त्यांचा उजवा हात चादरीवर हलला. "म्हणजे सही चालली."

"चालली, अण्णा."

शेजारचा म्हातारा तोंड वळवून भिंतीकडे बघू लागला. मी डब्याचं झाकण काढत होतो. अण्णांनी मान माझ्याकडे वळवली, तेवढी त्यांना वळवता येत होती.

"जावईबापू, तुम्हीही आलात. दुकान कोण बघतंय?"

दुकान समोरच्या चौकात होतं. मी कुलूप लावून आलो होतो.

"धाकटा भाऊ बघतो," मी म्हणालो.

म्हणालो आणि चूक मला कळली. आमचं लग्न ठरवायला अण्णा आमच्या घरी आले होते तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता : भावंडं किती? एकटाच, असं माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. अण्णा म्हणाले होते, आमचीही एकटीच.

ते माझ्याकडे बघत राहिले. नजर अगदी स्वच्छ होती, वर्गात असायची तशी. मग त्यांनी ती कांचनकडे वळवली. कांचन सलाइनची नळी नीट करत होती, नळी नीटच होती. ते तिच्या हाताकडे बघत राहिले.

"चांगलं बघतो का?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"भाऊ. दुकान."

"चांगलं बघतो, अण्णा."

"मग झालं," ते म्हणाले. "तुम्ही परत जाताना काळजी नको."